शिमानामी काइदो: निळी रेघ कुठे धरायची, कुठे सोडायची

जपानच्या होन्शू आणि शिकोकू या दोन मोठ्या बेटांच्या मधे सेतोचा आतला समुद्र आहे. शांत, उथळ आणि लहान-मोठ्या बेटांनी गच्च भरलेला. त्यातली सहा बेटं पुलांनी ओवत हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीपासून एहिमे प्रांतातल्या इमाबारीपर्यंत जाणारा मार्ग म्हणजे शिमानामी काइदो. गाड्यांचा द्रुतगती मार्ग साधारण ६० किलोमीटरचा आहे. सायकलचा मार्ग बेटांच्या किनाऱ्याकिनाऱ्याने वळसे घेत जातो, म्हणून तो ७० च्या आसपास भरतो. होन्शू आणि शिकोकू यांना जोडणारे पुलांचे मार्ग तीन आहेत, पण सायकलने किंवा पायी पार करता येतो तो एवढाच. शेवटचे पूल १ मे १९९९ रोजी खुले झाले.

ज्यांची सायकल रविवारी सकाळी पंधरा-वीस किलोमीटर चालते आणि ज्यांनी परदेशात कधी पेडल मारलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुणे–गोवा केलेल्यांनी चढाचा भाग सोडून दिला तरी चालेल. जेवणाचा आणि बसचा भाग मात्र त्यांनीही वाचावा.

आधी ठरवा: एक दिवस की दोन

सराव असलेला माणूस हा मार्ग एका दिवसात आरामात संपवतो. नवख्यालाही सकाळी सातला निघून संध्याकाळपर्यंत इमाबारी गाठणं जमण्यासारखं आहे. तरीही माझं मत विचाराल तर दोन दिवस द्या.

कारण असं. संपूर्ण मार्गावर रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ रंगवलेली आहे. इमाबारी किती किलोमीटर, ओनोमिची किती किलोमीटर, हेही ठिकठिकाणी रस्त्यावरच लिहिलेलं असतं. नकाशा न काढता माणूस चुकत नाही, इतकी ती सोय चोख आहे. पण ती रेघ एका पुलावरून दुसऱ्या पुलावर न्यायला आखली आहे, बेट दाखवायला नाही. इथलं सगळ्यात जुनं देवस्थान, सगळ्यात उंचावरून दिसणारा देखावा आणि सागरी सरदारांचा इतिहास हे सगळं रेघेच्या बाहेर आहे. एका दिवसात जायचं म्हणजे रेघ सोडायची नाही, आणि रेघ सोडायची नाही म्हणजे पूल पाहून परत यायचं. ७० किलोमीटरमध्ये फिरण्यासाठी जोडायचे १५-२० किलोमीटर धरा आणि मधे एक मुक्काम ठेवा.

मुक्कामासाठी इकुचिजिमा बेटावरचं सेतोदा गाव सगळ्यात सोयीचं. ओनोमिचीपासून ते तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणजे दुसऱ्या दिवसासाठी थोडं जास्त अंतर उरतं. पण पहिल्या दिवशी सीटची आणि सायकलची ओळख व्हायची असते, तेव्हा ही वाटणी योग्यच.

दिशेबद्दल लोक बराच वाद घालतात. मी ओनोमिचीहून सुरुवात करा असं सांगेन. तिथे रेल्वेने पोचणं सोपं आहे, आणि सगळ्यात भव्य पूल शेवटी येतो. ज्यांना शिकोकूतल्या मात्सुयामा शहराकडून यायचं आहे त्यांनी उलटं जावं. निळी रेघ दोन्ही बाजूंना आहेच.

कधी जायचं

मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर. जून ते मध्य जुलै पावसाळा असतो, ऑगस्टमध्ये दमट उकाडा, सप्टेंबरमध्ये वादळांची धास्ती. जोराचा वारा सुटला की पूल बंद होऊ शकतात, हे लक्षात ठेवून पुढचं विमान इमाबारीच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात. त्या दिवसांत सायकलही मिळत नाही आणि खोलीही.

नोव्हेंबरची हवा सुरेख, पण पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याला सहा-साडेसहापर्यंतच्या उजेडाची सवय असते, तो हिशोब इथे चुकतो.

सायकल

आपली सायकल विमानातून नेण्याचा खटाटोप या मार्गासाठी करू नये असं मला वाटतं. बेटांवर ठिकठिकाणी सार्वजनिक भाडेकेंद्रं आहेत. ओनोमिचीत घेतलेली साधी गिअरची सायकल इमाबारीत परत करता येते, आणि मधे कुठे दमलात तर तिथल्या केंद्रावरही. वेगळ्या केंद्रावर सोडण्याची सोय फुकट नसते, आणि बॅटरीच्या सायकली बहुधा जिथून घेतल्या तिथेच परत द्याव्या लागतात. त्यामुळे गुडघ्यांच्या भरवशावर नसलेल्यांनी बुकिंगच्या वेळीच हे विचारून घ्यावं. चांगली रोड बाइक हवी असेल तर ओनोमिचीच्या धक्क्यावरच्या जुन्या गोदामात, म्हणजे ओनोमिची यू-टू या इमारतीत, आणि इमाबारी स्टेशनलगत जायंट कंपनीची दुकानं आहेत. तिथलं भाडं जास्त आहे.

शनिवार-रविवारसाठी आधी बुकिंग करा. सायकल हातात आल्यावर घाई करू नका. सीटची उंची लावून घ्या, दोन्ही ब्रेक दाबून पाहा, सगळे गिअर एकदा वर-खाली करा, दिवा लागतो का बघा, कुलूप मागून घ्या. हिरोशिमा आणि एहिमे या दोन्ही प्रांतांत सायकलस्वाराला अपघाताचा विमा असणं आवश्यक आहे. भाड्यात तो धरलेला असतो की नाही, हे काउंटरवर स्पष्ट विचारा. भाडेकेंद्रं संध्याकाळी लवकर बंद होतात, हे दोन्ही दिवसांच्या आखणीत धरा.

मोठी बॅग सायकलवर बांधायची नाही. जपानमध्ये हॉटेलच्या काउंटरवरून पुढच्या हॉटेलात सामान पाठवण्याची सोय जवळपास सगळीकडे असते. मात्र ते त्याच दिवशी पोचणार की दुसऱ्या, हे विचारूनच चिठ्ठी भरा. पाठीवर लहान सॅक पुरे: एक कपड्यांचा जोड, रेनकोट, पाण्याची बाटली, पॉवर बँक, रोख पैसे आणि पासपोर्ट. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे.

रस्त्याचे नियम

जपानमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. युरोपात पहिल्या दिवशी उडणारा गोंधळ इथे होत नाही. बाकी नियम मात्र आपल्याकडच्यासारखे ‘असतात’ नव्हे, ते पाळले जातात. पिऊन सायकल चालवणं हा गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून तो आणखी कडक झाला, आणि चालत्या सायकलवर फोन वापरण्याची शिक्षाही त्याच वेळी वाढली. एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सायकलस्वारांना जागेवरच दंडाची पावती देण्याची पद्धत लागू झाली आहे. हेल्मेट घालावं असं कायदा सांगतो, न घातल्यास दंड नाही. घाला.

पुलावर फोटो काढायचा असेल तर कडेला पूर्ण थांबा. जोडीजोडीने गप्पा मारत चालवण्याची आपली सवयही इथे सोडावी लागते. ओळीने चला.

पहिला दिवस: ओनोमिची ते सेतोदा

शिन-ओनोमिची नावाचं शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, स्टेशन आहे, पण तिथे फक्त सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या थांबतात आणि ते गावापासून दूर आहे. ओसाकाकडून येताना फुकुयामाला उतरा आणि साध्या लोकलने वीस मिनिटांत ओनोमिचीला या. हे स्टेशन समुद्राच्या अगदी समोर आहे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा. टेकडीवरच्या सेनकोजी मंदिराच्या बाजूने खाली पाहिलं की पलीकडचं पहिलं बेट, मधली चिंचोळी खाडी आणि ये-जा करणाऱ्या फेरीबोटी एका नजरेत येतात.

सकाळी पहिलं काम म्हणजे फेरीबोट पकडणं. इथे पूल आहे, पण सायकलींना तो सोयीचा नाही. बोट काही मिनिटांत मुकाइशिमाला पोचवते, तिकीट शंभर-दीडशे येनच्या घरात. दाभोळला किंवा आगरदांड्याला सायकल बोटीत चढवलेल्यांना यात नवं काही नाही. फक्त इथे शाळकरी मुलं आणि कामावर निघालेली माणसं आपापल्या सायकलींसकट सकाळच्या गर्दीला असतात, त्यांना आधी चढू-उतरू द्या.

मुकाइशिमाच्या दुसऱ्या टोकाला पहिला पूल येतो, इन्नोशिमाचा, १९८३ सालचा. चढाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण नवखे लोक त्याचीच जास्त धास्ती घेतात. पुलांखालून मोठी जहाजं जातात, म्हणून पूल उंचावर आहेत. किनाऱ्याच्या रस्त्यावरून पुलापर्यंत नेणारी सायकलींची वेगळी वाट बांधली आहे. ती झाडीतून वळणं घेत एक किलोमीटरच्या आसपास चढते, आणि चढ जेमतेम तीन टक्के. आपल्या घाटांपुढे हा चढ म्हणजे काहीच नाही, पण असे सहा चढ आहेत. पहिल्या दोघांत जोर काढलात तर दुसऱ्या दिवशीच्या चौघांत मांड्या बोलू लागतात. हलका गिअर टाका, बोलता बोलता श्वास लागणार नाही अशा चालीने चढा. उताराला मात्र वळणं आंधळी असतात आणि समोरून येणारा दमून वाकडा-तिकडा चालवत असतो, तेव्हा ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरा.

इन्नोशिमाच्या पुलावर सायकलींची वाट गाड्यांच्या खालून, लोखंडी सांगाड्याच्या आतून जाते. डोक्यावर ट्रकांचा गडगडाट, दोन्ही बाजूंना जाळी आणि जाळीपलीकडे समुद्र. काहींना हा पूल आवडत नाही. मला तो यासाठी आवडतो की पुढचे सगळे पूल मग जास्तच मोकळे वाटतात.

पुलांच्या टोलबद्दल: सायकलींना टोल लावलेला होता, पण अनेक वर्षांपासून तो माफ आहे. ही माफी मुदतीची असते आणि आजवर वाढवली जात आली आहे. सुटी नाणी खिशात असू द्या म्हणजे झालं.

इन्नोशिमा हे हास्साकू नावाच्या आंबटगोड, किंचित कडसर संत्र्याचं मूळ गाव. ते फळ भरलेला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, इथे मिळतो, तो खाऊनच पुढे जा. पुढचा इकुचीचा पूल १९९१ चा, आणि तो ओलांडला की लिंबांचा मुलूख सुरू होतो. सेतोदाची लिंबं जपानभर प्रसिद्ध आहेत. रस्त्याच्या कडेला लाकडी खोक्यात लिंबांच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, राखायला कोणी नाही, असं दृश्य दिसतं. पैसे टाका आणि एक पिशवी घ्या, पाण्यात पिळायला उपयोगी पडतात.

सेतोदात दुपारी पोचलात तर कोसानजी मंदिर पाहायला वेळ मिळतो. एका पोलादी नळ्यांच्या कारखानदाराने आई गेल्यावर तिच्या स्मरणार्थ भिक्षू होऊन १९३६ पासून हे बांधायला घेतलं. जपानभरच्या प्रसिद्ध मंदिरांच्या नकला एकाच आवारात भडक रंगात उभ्या आहेत. जाणकार नाकं मुरडतात, पण मला हे वेड आवडतं. मागच्या टेकडीवर इटलीच्या पांढऱ्या संगमरवराचं एक अख्खं शिल्पोद्यान आहे, तिथे उन्हात डोळे दिपतात, गॉगल हवाच. चित्रकार इकुओ हिरायामा याच गावचे, त्यांचं संग्रहालय शेजारीच आहे. बौद्ध धर्म ज्या वाटेने जपानला आला तो रेशीममार्ग त्यांनी आयुष्यभर रंगवला, तेव्हा अजिंठ्याच्या मुलखातून गेलेल्याने अर्धा तास काढावाच.

जेवणाचं काय

मासे खाणाऱ्यांची या मार्गावर चंगळ आहे. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते, आणि ती नीट समजून घेतलेली बरी. मांस किंवा मासा न दिसणाऱ्या पदार्थातही सुक्या माशाचा अर्क असतो. उदोन नूडल्सचं पाणी, भाजीवरचा रस, टोफूवरचं सॉस, सगळ्यात तोच. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘माशाचा अर्कही चालत नाही’ हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणी हे बुकिंग करतानाच कळवा, कारण बेटांवरच्या घरगुती खानावळीत जेवण आधीच ठरवून रांधलेलं असतं. ऐन वेळी बदल करून मागणं तिथे उद्धटपणाचं वाटतं.

सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे चोवीस तासांची छोटी दुकानं. खारवलेल्या उमेबोशी फळाचा ओनिगिरी (भाताचा गोळा), केळी, पाव, उकडलेली अंडी चालत असतील तर अंडी. साध्या भाताचं पाकीटही मिळतं, ते तिथेच गरम करून देतात. घरून मेतकुटाची पुडी आणि लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली नेली असेल तर रात्रीचं जेवण झालं. खाकरे आणि चिक्की सॅकमध्ये असू द्या. ही दुकानं ओनोमिची-इमाबारीत भरपूर आहेत, बेटांवर मोजकीच, म्हणून दिसलं की भरून घ्या. शीतपेयांची यंत्रं मात्र अगदी शेताच्या बांधावरही भेटतात.

बेटांवरची खानावळ दुपारी दोननंतर चालू सापडेल असं समजू नका. पुष्कळ ठिकाणी फक्त रोख पैसे घेतात. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात, ते काम ओनोमिचीतच उरकून घ्या.

दुसरा दिवस: सेतोदा ते इमाबारी

लवकर निघा, कारण आज रेघ सोडायची आहे. किनाऱ्याने काही किलोमीटर गेलं की तातारा पूल दिसू लागतो. दोन मनोरे, आणि त्यांपासून पंख्यासारख्या पसरलेल्या केबल. मनोऱ्यांमधलं अंतर ८९० मीटर. १९९९ मध्ये खुला झाला तेव्हा या जातीच्या पुलांमध्ये जगात सगळ्यात लांब गाळा याचाच होता. मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबून टाळी वाजवा. दोन भिंतींमध्ये आपटत आवाज वर चढत जातो. मोठी माणसंसुद्धा चार-पाच वेळा वाजवल्याशिवाय हलत नाहीत. याच पुलावर हिरोशिमा प्रांत संपून एहिमे सुरू होतो.

पूल उतरलात की ओमिशिमा, या मार्गावरचं सगळ्यात मोठं बेट, आणि निळी रेघ त्याच्या फक्त एका कोपऱ्याला शिवून पुढे सटकते. इथे तिचं ऐकू नका. पूल उतरल्यावरच्या बागेत पाणी भरून घ्या आणि बेट आडवं कापून ओयामाझुमी देवळाकडे वळा. वाट सात-आठ किलोमीटरची, मधे एक चढ आहे. डोंगराचा, समुद्राचा आणि युद्धाचा हा देव. लढाईआधी नवस बोलणारे आणि जिंकून परतणारे योद्धे इथे आपली चिलखतं, तलवारी वाहत असत. जपानमध्ये शिल्लक असलेल्या जुन्या मौल्यवान चिलखतांचा मोठा वाटा आज या देवळाच्या संग्रहालयात आहे. अंगणात प्रचंड, पुरातन कापूरवृक्ष आहे. या आडवाटेला जाऊन-येऊन तीन तास धरा.

इथून पुढचा ओमिशिमा पूल म्हणजे एक कमान, १९७९ ची, मार्गावरची सगळ्यात जुनी. पाठोपाठ हाकाताजिमा, लहानसं बेट, मिठासाठी ओळखलं जाणारं. इथलं मीठ घातलेलं आइस्क्रीम खा आणि पुढे निघा.

नंतरचं ओशिमा मात्र दमवतं. किनारा सोडून रस्ता बेटाच्या मधून जातो आणि पुलांव्यतिरिक्तचे चढ इथेच आहेत. याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यासमोर नोशिमा नावाचं चिमुकलं बेट आहे, मुराकामी घराण्याच्या एका शाखेचा सागरी किल्ला. सोळाव्या शतकापर्यंत या सामुद्रधुन्यांवर त्यांचा वचक होता. जहाजांकडून कर घ्यायचा, आणि दिला की निशाण द्यायचं, ते लावलं की वाटेत कोणी अडवत नसे. त्यांना चाचे म्हणायचं की सागरी सरदार, यावर तिथेही खल होतो. कान्होजी आंग्र्यांची दस्तकं आणि त्यांना ‘चाचे’ म्हणणारे इंग्रज आठवणाऱ्या मराठी वाचकाला या सरदारांची बाजू घ्यायला वेळ लागणार नाही. संग्रहालय किनाऱ्यावरच आहे.

अंगात जोर शिल्लक असेल तर किरो-सानची टेकडी. उंची ३०७ मीटर, रस्ता तीन-साडेतीन किलोमीटर, आणि हा चढ खराच घाटाचा. वरचा सज्जा वास्तुकार केंगो कुमा यांनी १९९४ मध्ये टेकडीच्या माथ्यातच दडवून बांधला आहे. कुरुशिमा सामुद्रधुनी आणि तिच्यावरचा पूल इथून दिसतो तसा पुलावरूनही दिसत नाही. दम नसेल तर सायकल खाली कुलूप लावून टॅक्सीने जा, यात कमीपणा काही नाही.

आता शेवटचा, कुरुशिमा काइक्यो पूल. तीन झुलते पूल एकापाठोपाठ एक जोडलेले, मिळून चार किलोमीटरहून थोडे जास्त. खाली पाणी नदीसारखं वाहतं. भरती-ओहोटीच्या वेळी प्रवाह दहा नॉटपर्यंत (ताशी साधारण १८ किलोमीटर) जातो, आणि म्हणून इथे जहाजांना अजब नियम आहे: प्रवाहाची दिशा बदलली की त्यांनी कोणत्या खाडीतून जायचं तेही बदलतं. पुलावर मधोमध थांबून भोवरे पाहा. उजवीकडे किनाऱ्याला जहाजबांधणीच्या गोद्या आणि त्यांच्या उंच क्रेन दिसतील.

मधेच दम संपला तर

रेघेच्या आजूबाजूला ‘सायकल ओॲसिस’ म्हणून नोंदवलेली दुकानं आणि घरं आहेत. तिथे पंप, पाणी, शौचालय वापरू देतात आणि दोन मिनिटं टेकता येतं. सायकल बिघडली तर भाडेकेंद्राचा नंबर पावतीवर असतो, त्यावर फोन करा. सायकल घेऊन जाणाऱ्या टॅक्सीही बोलावता येतात, पण महाग पडतात. सेतोदाहून ओनोमिची आणि मिहारा या दोन्हीकडे बोटी आहेत, दिवसातून ठरावीक वेळीच. पहिल्याच दिवशी पाय नाही म्हणाले तर तीच सुटका. बोटींचं वेळापत्रक आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा.

इमाबारीत पोचल्यावर

पूल उतरताच सनराइज इतोयामा हे सायकल केंद्र लागतं. सायकल इथेच परत करायची की सहाएक किलोमीटर पुढे स्टेशनपाशी, हे सकाळीच ठरवलेलं बरं. सामान स्टेशनजवळच्या हॉटेलात पाठवलं असेल तर स्टेशनच सोयीचं. वेळ असेल तर समुद्राचं पाणी खंदकात घेणारा इमाबारीचा किल्ला पाहा, आणि गावचे प्रसिद्ध टॉवेल घ्या. ते सॅकमध्ये मावतात आणि घरी कोणालाही देता येतात.

परत होन्शूला जायला इमाबारी ते फुकुयामा बस आहे, सुमारे दीड तासाची, ज्या पुलांवरून आलात त्यांवरूनच. स्वतःची सायकल असेल तर ती पिशवीत घालूनच बस-रेल्वेत नेता येते, आणि काही बस तेही नाकारतात, आधी विचारा. शिकोकूत आणखी राहणार असाल तर गाडीने मात्सुयामा पाऊण तासाच्या आत येतं. दोगोची गरम पाण्याची कुंडं तिथेच आहेत. दिवसभर सायकल मारून संध्याकाळची गाडी पकडायची असेल, तर कुंड बंद व्हायची वेळ आधी पाहून घ्या.